पास्कलमामांची शुक्रवारची तालीम

पास्कलमामांच्या घरी पाहुणा गेला की ते त्याला शवपेटीवर बसवतात. पेटी त्यांची स्वतःचीच. सागवानी, पितळी कड्यांची, आपल्या हातानं केलेली. वर सतरंजी असते, त्यामुळे ढोकीला बदली होऊन आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा तिच्यावर ऐसपैस बसून चहा आणि वाटीभर शेंगदाणे संपवले. उठताना मामांनी विचारलं, "बसाया बरं हाय न्हवं? मंजी झोपाया बी बरंच असंल." मग सतरंजी उचलून झाकण उघडलं. आत हिवाळ्याच्या गोधड्या आणि डांबराच्या गोळ्या होत्या. पुढचा आठवडाभर मला शेंगदाणे गोड लागले नाहीत.

मामा साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मूळचे नगरकडचे कॅथलिक, आणि आमच्या गल्लीतलं हे एकच ख्रिस्ती घर. मूलबाळ नाही. बायको मार्थाबाई मी इथं येण्याआधीच वारल्या. कारखान्याचा हंगाम संपला की 'पट्टा पडला' म्हणतात. मामांनी तो शब्द स्वतःच्या मरणासाठी राखून ठेवलाय. "मास्तर, पट्टा पडाया येळ न्हाय लागत. तयारी पायजे." दूधवाला असो, पोस्टमन असो, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस असो, सगळ्यांना हेच. रोज सकाळी संत योसेफाकडे चांगलं मरण मागतात आणि लगेच पंचवीस बैठका मारतात.

तयारीही फिटरची. टेप घेऊन गल्लीत फिरले आणि खांदेकरी उंचीनुसार निवडले. पेटीत स्वतःच्या वजनाइतका जोंधळा भरून ती आम्हाला उचलायला लावली आणि झाकणावर पाणसळ ठेवून बघितली. माझ्या कोपऱ्याला पेटी कलत होती. तेव्हापासून मला जाड तळाचे बूट घालून यायची ताकीद आहे.

पण मामांचा खरा घोर वेगळाच होता. कॅथलिक अंत्यविधीत फादर म्हणतात, 'हे प्रभो, या आत्म्याला चिरंतन विसावा दे.' त्यावर जमलेल्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं, 'आणि तुझा प्रकाश या आत्म्यावर अखंड राहो.' फादर दुसऱ्या जिल्ह्यातून मोटारसायकलवर येणार, एकटेच. गल्लीत अर्धी घरं हिंदूंची, अर्धी बौद्धांची. उत्तर देणार कोण?

म्हणून दर शुक्रवारी पाच वाजता मामांच्या ओट्यावर तालीम सुरू झाली. मामा फादर व्हायचे, आम्ही लोक. पहिल्या शुक्रवारी समोरच्या सोनाबाईंनी ओट्यावर काढलेली पेटी बघितली आणि सवयीनं गळाच काढला. मयताला गुण आठवून रडण्यात त्यांचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नाही. "माझा फोरमनसायब गेला गं माय," म्हणून त्यांनी सूर लावला. मामांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "सोनाबाई, फोरमन न्हाय, फिटर. आन् म्या हितं हुबा हाय."

नंतर नंतर उत्तर येऊ लागलं, पण शेवट बिघडायचा. बौद्ध मंडळी ओळ संपली की सवयीनं 'साधू, साधू, साधू' म्हणून मोकळी व्हायची. म्हाताऱ्यांच्या तोंडून 'रामकृष्ण हरी' निसटायचं. मामा चिडत नसत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. चिडायचो मी. शाळेतून दमून यावं आणि धडधाकट माणसाच्या मयताला दर शुक्रवारी हजेरी लावावी, हे कुठल्या सेवानियमात बसतं? तरी जायचो. मामा न्यायलाच येत.

असे सहा महिने गेले. नोव्हेंबरच्या दोन तारखेला कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. त्या दिवशी फादर येणार होते. मामांनी हुकूम काढला, शेवटची तालीम कब्रस्तानात, फादरांसमोर.

सकाळी नऊला सगळी गल्ली धुतल्या कपड्यांत निघाली. मी जाड बूट घातले. उसाच्या फडाला लागून चार-पाच कबरींचा तुकडा आहे. मामा एका ताज्या चुना दिलेल्या कबरीपाशी थांबले. मार्थाबाईंची कबर. तिच्यावर झेंडू वाहिला, मेणबत्ती लावली आणि बाजूला सरून फादरांना मान हलवली.

फादर म्हणाले, "हे प्रभो, या आत्म्याला चिरंतन विसावा दे."

आणि आम्ही उत्तर दिलं. साठ माणसं, एक आवाज. कुणाचं साधू नाही, कुणाचं हरी नाही. फडात ऊस तोडणारे कोयते हातात धरून उभे राहिले, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. फादरही क्षणभर गांगरले. ही ओळ तीनदा म्हणतात, तिन्ही वेळा तसंच. मला इतका अभिमान वाटला की बुटांशिवायही मी उंच झालो असतो.

फक्त मामांचे ओठ हलले नाहीत. मला वाटलं, विसरले. जवळ जाऊन तसं म्हटलं.

"इसरलो न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "तिला पुरलं तवा फादर म्हनले, आन् उत्तर देनारा म्या एकलाच. माझा गळा दाटला. सबूदच फुटंना. मार्था बिगरउत्तराची गेली. आज पोचलं तिला." मग त्यांनी कबरीवरचं एक फूल उगाच सरळ केलं. "आता माझ्या येळंला तुमी चुकला तरी चालतंय."

सोनाबाई मागंच उभ्या होत्या. मार्थाबाईंना पुरलं त्या दिवशीही हजर असलेल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज न करता रडल्या.

पुढच्या शुक्रवारी तालीम नव्हती. मामांनीच बंद केली होती. मी घरी आडवा झालो, पण पाच वाजता काही पडवेना. बूट चढवून गेलो तर ओटा भरलेला. सोनाबाई पेटीवर मांडी घालून बसलेल्या.

मामा दारात उभे, गोंधळलेले. "अवो, आता कशाला आलाव? काम झालं की."

"मार्थाबाईचं झालं," सोनाबाई म्हणाल्या. "तुमचं कुठं झालंय? तुमाला काय बिगरउत्तराचं जाऊ देतो व्हय? म्हना, फादरचं म्हना."

मामांनी तोंड उघडलं. पुन्हा ओळ काही फुटली नाही.

आम्ही थांबलो नाही. उत्तर देऊन टाकलं.