निवांत पेशींचा फोटो

"अगं बाई गं! पुन्हा आत जाऊन बसलं!"

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच धाकटी ओरडली. प्रयोगशाळेत ती सगळ्यांत लहान, म्हणून सरांपासून सगळेच तिला धाकटी म्हणत. आत जाऊन बसलं होतं ते तिचं लाडकं प्रथिन, पेशीत निरोप्याचं काम करणारं. उंदराची पेशी निवांत असली की हे हिरवं चमकणारं ध्यान केंद्रकाच्या बाहेर ऐसपैस पसरून बसायचं. पेशीला जरा थंडी वाजली की निरोप घेऊन थेट केंद्रकात धूम ठोकायचं. प्रबंधासाठी धाकटीला हवा होता निवांत पेशींचा एक फोटो. शनिवारपर्यंत तो मिळाला नाही तर प्रबंध लटकला, म्हणजे आणखी एक वर्ष इथंच.

"तुझा हात जड आहे," सर म्हणाले. "पेशी लेकरांसारख्या जपाव्या लागतात."

आता बिचारीने आणखी किती जपायचं! पण दुपारी ती डबा खाऊन परतली, तर सर पेशी ठेवलेल्या उबदार इन्क्युबेटरमध्ये डोकं खुपसून उभे. "काय म्हणतायत लेकरं?" असं प्रेमाने विचारून त्यांनी दार लावलं. ते वळले आणि यंत्रं सांभाळणारे मामा आले. त्यांनीही दार उघडलं.

"मामा, काय बघताय?"

"काही नाही गं, आतला दिवा लागतोय ना, तेवढंच."

दर वेळी एसीची गार हवा पेशींवर! धाकटीने कपाळावर हात मारला आणि दारावर कागद चिकटवला, 'कृपया उघडू नये'.

झालं! आजवर ज्यांनी त्या इन्क्युबेटरकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तेही यायला लागले. "उघडू नये असं काय आहे गं आत?" असं विचारायचे, तेही दार उघडून. शेवटी ती स्वतःच स्टूल टाकून दारापाशी पहाऱ्याला बसली. मधेच पाणी प्यायला उठली आणि मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात कोणी उघडलं तर नसेल? तिने पटकन दार उघडून पाहिलं.

"मेले मी!" ती म्हणाली.

शुक्रवारी तिने तो कागद फाडून दुसरा लावला, 'बिघडला आहे'. दिवसभर कोणी फिरकलं नाही. मामा तर दुरुस्ती गळ्यात पडेल म्हणून लांबच्या दाराने ये-जा करू लागले.

शनिवारी सकाळी मायक्रोस्कोपखाली सगळीकडे हिरवंगार! प्रथिनं केंद्रकाबाहेर पाय पसरून बसलेली. धाकटीने आनंदाने टाळ्या पिटल्या, सरांनी तिची पाठ थोपटली.

"शाब्बास! आता शेजारी लावायला थंडीने घाबरलेल्या पेशींचा एक फोटो दे. तुलनेला लागेलच की."

धाकटीचा चेहरा पडला. तसले सगळे फोटो तिने रागाच्या भरात पुसून टाकले होते. मग तिने सरांकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"सर, एक विनंती होती."

"बोल ना."

"तुम्ही जरा जाऊन लेकरांची विचारपूस करून या."

 सरांचे कान लाल झाले. मग ते इन्क्युबेटरकडे निघाले.

"थांबा सर, मीही येतो," मागून मामा लगबगीने धावले. "तुमच्या एकट्याने नाही घाबरल्या तर?"