दहा डबे आणि एक बंद पाकीट

ओळख होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोच मुकादमचाचांनी मला उभयान्वयी अव्यय ठरवलं. "दोघांच्या मधे उभा राहतोस, स्वतःचं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "चालेल. राहा." अशा रीतीने दुबईच्या देरा भागातल्या एका गोदामावरच्या खोलीत मला खाट मिळाली. साठचं दशक अर्धं सरलं होतं, मी एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायला लागलो होतो आणि दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवर सुरू होऊन तिथेच संपत होती.

खोलीत तिसरा होता हमजा, आमचा स्वयंपाक करणारा. तो चाचांच्या मते विशेषण होता, कारण दुसऱ्याच्या आधाराशिवाय त्याला उभं राहता येत नसे. घरमालक केवलप्रयोगी अव्यय. "नुसता ओरडतो. वाक्यात त्याला काम नाही."

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. काम टॅली क्लार्कचं. स्टीमर बाहेर समुद्रात उभी राही, माल छोट्या पडाव-होड्यांतून धक्क्यावर येई आणि चाचा प्रत्येक खोका मोजून यादीवर खूण करत. यादी पुरी झाल्याशिवाय ते कुणाला खोक्याची दोरीही सोडू देत नसत. एकदा खुद्द मालाचा मालक घाई करायला लागला, तर त्यालाच त्यांनी खोक्यावर बसवून ठेवलं. "हबीबी, लिस्ट पहले, खोका बाद में."

या गृहस्थांना युक्रेनियन व्याकरणाचा नाद होता. विद्यापीठात पहिल्या वर्षाला लावतात तसलं जाडजूड पुस्तक, परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून समजावून लिहिलेलं, रोज दुपारी जेवण झालं की मांडीवर उघडत. त्या भाषेत शब्दांच्या दहा जाती, म्हणून भिंतीला बिस्किटांचे दहा रिकामे डबे. धक्क्यावरचे पुठ्ठ्याचे टॅग आणून त्यांवर शब्द लिहायचे आणि जातवार डब्यात टाकायचे. मी पहिल्याच आठवड्यात बिस्किटाच्या आशेने एका डब्यात हात घातला, तर मूठभर क्रियापदं निघाली. हमजाने तर केवलप्रयोगींच्या डब्यात सुकट भरून ठेवली. चाचा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि त्या टॅगांचा वास पुढे कधीच गेला नाही.

"आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत रे," ते कौतुकाने सांगत. उच्चाराचा सराव ते इराणी नानवाल्यावर करत. रोज सकाळी त्याला "दोब्री देन्" म्हणत, आणि तो बिचारा मनापासून "व अलैकुम सलाम" म्हणे.

शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपली की खोलीत गर्दी जमे. आमच्याकडची बरीच माणसं तेव्हा निरक्षर. गावाकडून आलेलं पत्र चाचांनी वाचून दाखवायचं आणि उत्तरही त्यांनीच लिहायचं, हा रिवाज होता. एका शुक्रवारी लतीफ नावाच्या हमालाचं पत्र वाचताना मी सहज चाचांच्या खांद्यावरून डोकावलो. पत्रात लिहिलं होतं की वादळात घराची सगळी कौलं उडाली. चाचा एक सेकंद थांबले आणि खणखणीत आवाजात वाचते झाले, "घरात हवा छान खेळती आहे."

लतीफने समाधानाने मान डोलावली. आठवडाभर तो धक्क्यावर सगळ्यांना सांगत होता, आपल्या घरात हवा छान खेळते.

मी चाचांना एकटं गाठून जाब विचारला. ते मुळीच ओशाळले नाहीत. "इथून कौलं बसवता येतात काय? त्याच्या भावाला मी लिहिलंय, तो बसवेल. बसली की सांगेन. तोवर याची झोप कशाला घालवायची?"

"पण चाचा, ही फसवणूक झाली."

"वाचणारा मधलं गाळतोच," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचतो. मला नको सांगूस."

मग दहाव्या डब्याखालून त्यांनी एक बंद पाकीट काढून मला दाखवलं. त्यांचा एकुलता एक मुलगा सलीम स्कॉलरशिपवर कीवला गेला होता. चाचांनी इंजिनियर हो म्हणून बजावलं होतं. त्याने युक्रेनियन भाषा घेतली. "मी लिहिलं, क्रियापदं मोजून पोट भरतं काय? त्यानंतर दोघांनीही लिहिलं नाही." दुसऱ्या हिवाळ्यात सलीम न्यूमोनियाने गेला. त्याच्या मित्राने सामान पाठवलं, त्यात हे पुस्तक होतं आणि हे पाकीट. वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई शेवटचे आठ दिवस सलीमजवळ बसून होत्या. पत्र त्यांचं, त्यांच्या भाषेत. मित्र भाषांतर करून द्यायला तयार होता. चाचांनी नको म्हणून कळवलं.

"तो पोरगा भला आहे," चाचा म्हणाले. "म्हणजे गाळणारच. सलीम माझ्यावर रागावून गेला की नाही, ते मला न गाळता पाहिजे."

पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. समासात सलीमने पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरांत अर्थ लिहिले होते. निम्म्याच्या जरा पुढे ते थांबले होते. तिथून पुढची पानं चाचा एकट्याने ओढत होते. मला त्या डब्यांवर केलेल्या सगळ्या थट्टेची लाज वाटली.

दीड वर्षाने एका शुक्रवारी पुस्तक संपलं. चाचांनी पत्रवाल्यांना "आज खलास, उद्या या" म्हणून जिन्यावरूनच परत पाठवलं, दहाही डबे भोवती मांडले आणि पाकीट फोडलं. एकेका शब्दासाठी ते टॅग चाळत. मी नकाशा पुढे घेऊन बसलो, पण एक रेघ ओढली नाही. हमजासुद्धा भांडी न वाजवता घासत होता. एका ठिकाणी चाचा बराच वेळ अडले. मग त्यांनी सुकटीच्या वासाचा डबा उघडला, त्यातला एक टॅग काढला आणि हातात धरून ठेवला.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाची बांग झाली तेव्हा त्यांनी पत्राची घडी घातली आणि चष्मा पुसला.

"चाचा," मी विचारलं, "काय लिहिलंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक सेकंद थांबले.

"सगळं ठीक आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "हवा छान खेळती आहे."

मी लतीफसारखी मान डोलावली आणि चहा ठेवायला उठलो.