भार टाकला की तापते

गेनबांचं पोस्टकार्ड येऊन दीड महिना झाला, तरी लक्ष्मणरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कार्डात एकच प्रश्न होता, 'आमची सुमन तुमच्या घरात रुळली का?' लक्ष्मणराव बुजरे, पुस्तकांत रमणारे. नुसतं 'रुळली' लिहावं तर ते कोरडं वाटे, 'छान रुळली' लिहावं तर खोटं. लिहिलेली कार्डं फाटत गेली आणि शेवटचं कोरं कार्ड पंचांगात जाऊन बसलं.

शेवटी व्याही गेनबा स्वतःच चाकणहून थेरगावला आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत लक्ष्मणरावांचा मुलगा, म्हणजे गेनबांचा जावई विलास आणि त्याचा कंपनीतला दोस्त फारूक पत्र्याची जीप जोडत बसले होते. कंपनीतल्या दसऱ्याच्या पूजेत ती साहेबांपुढं नारळ घेऊन आपोआप जाणार होती. तिला लांबून चालवणारा रेडिओ दुबईच्या मोडक्या खेळण्यातला, मोटर जुन्या टेपरेकॉर्डरमधली. बाहेर गेनबांना मात्र फक्त बोलणं ऐकू आलं.

"दिसायला एवढीशी, पण खाते किती राव," फारूक म्हणत होता.

"रिकामी असली की ठीक. जरा भार टाकला की दुप्पट खाते."

"खाल्ल्यातलं निम्मंपण काम करत नाही. बाकी नुसती तापते."

"आणि अडली की जागची हलत नाही, पण सगळ्यात जास्त तेव्हाच खाते."

"मग बदल ना. चांदभाई जुनी घेऊन नवी देतो."

"दसऱ्याच्या आत बदलतोच," विलास म्हणाला.

गेनबांनी दार ढकललं. "जावईबापू, लग्नाला वरीस बी न्हाई झालं."

विलासनं घाईघाईनं मोटर पुढं केली. गेनबांनी ती चिमटीत धरून पाहिली. "मोटर आमच्या हिरीवर बी हाय. ती दोघांला उचलत न्हाई. ही कसली मोटर?"

चालवूनच दाखवतो म्हणत फारूकनं खटका दाबला. जीप ढिम्म. सकाळपासूनच्या चाचण्यांत मोटरनं सगळे सेल खाऊन टाकले होते.

तेवढ्यात सुमन दळणाचा डबा डोक्यावर घेऊन आत आली. भार म्हणजे कोणता, ते गेनबांना आता समजलं.

घोळ सुमनच्याही लगेच ध्यानात आला. एका वाक्यात तिला तो मिटवता आला असता. पण दसऱ्याला तिला माहेरी धाडायचा विषय घरात कोणी काढला नव्हता. तिनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. गेनबांना ते रडू वाटलं.

लक्ष्मणराव कामावरून आले तेव्हा तिची पिशवी भरून झाली होती.

"व्याही, तोंडी काय बी सांगू नगा," गेनबा म्हणाले. "तोंडी लई ऐकलं. माज्या पत्राला उत्तर येऊ द्या, मग पोर धाडतो."

दसऱ्याला नव्या सेलवर जीप नारळ घेऊन झोकात गेली. विलासचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. रोज करपलेली पोळी वडिलांच्या ताटात वाढून तो शेजारी पेन ठेवत होता.

अखेर लक्ष्मणरावांनी पंचांगातलं कार्ड काढलं. 'सुमन आमच्या घरात रुळली आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. खाते ती मोटर, सून नव्हे.' या वेळी खाडाखोड झाली नाही. मन बदलायच्या आत ते डांगे चौकातल्या पेटीपाशी गेले आणि कार्ड आत सोडलं.

ते तळाशी पडलं आणि लक्ष्मणरावांनी शेवटचं वाक्य मनात पुन्हा वाचलं. सून खात नाही. म्हणजे उपाशी ठेवतात.

त्यांनी पेटीच्या फटीत हात घातला. तो मनगटाशी अडला, जागचा हलेना, आणि लक्ष्मणराव तापू लागले.