सुगीनं सांगेपर्यंत

कळसाडीच्या रूपचंदबाबांची नात सुगी तीन वर्षांची झाली, भिंत धरून चालू लागली, पण बोलण्याचं नाव नाही. ऐकू मात्र चोख यायचं. गुळाचा डबा उघडला की कुठूनही हजर. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि सगळ्या घरालाच बोलावलं. बैलांची दमणी भरून चौघं गेले.

"एकट्या आईनं भागणार नाही," बाई म्हणाल्या. "घरात जे बोलाल ते सगळ्यांनी हिच्याशी बोला. मग हिनं सांगायची वाट बघा. नुसतं बोट दाखवलं तरी ते बोलणंच."

बाबांना हे फार पटलं. सून मीनाबाई त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ओढून वावरायची. सहा वर्षांत ती सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. सुगी झाल्यापासून सगळे निरोप सुगीच्या नावानं जायचे. "सुगी, बाबाले सांग, ताट वाढेल शे." की बाबा आपले ऐकून उठायचे.

बाबा नव्या ग्रामपंचायतीचे पंच. त्यांनी ओट्यावर ठरावच केला. "आतेपासून सुगी सांगी तवयच मी उठसू."

चार दिवस बाबांनी गार भाकर खाल्ली. सुगी ताटाकडे बघे, बाबांकडे बघे आणि अंगठा चोखे. सुगीची आजी तापीबाई, त्यांचा जीव तीळ तीळ तुटे, नातीसाठी आणि भाकरीसाठीही.

पाचव्या दिवशी बांड्या बैल दावं तोडून घरामागच्या उसात शिरला. बांड्या मारका, बाबांशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसे. मीनाबाईनं पदर ओढला.

"सुगी, बाबाले सांग, बांड्या सुटना."

बाबांचे पाय शिवशिवले. पण ठराव तो ठराव. ते पानाला चुना लावत बसले.

मुलगा गिरधर पळत आला. "बाबा, बैल..."

"मन्हाशी कसाले बोलस? सुगीशी बोल."

गिरधर उकिडवा बसला. "सुगी, बाबाले सांग, बांड्यानी एक सरी खाई टाकी."

तापीबाई कपाळावर हात मारत आल्या. "सुगी, तुन्हा बाबाले इचार, त्यासले याड लागनं का?"

तेवढ्यात शेजारचा भटू काठी घेऊन भांडायला आला. बांड्या आता त्याच्या उसात होता. बाबांनी त्यालाही मुकाट्यानं सुगी दाखवली. भटूनं इकडेतिकडे पाहिलं, काठी खाली ठेवली आणि तोही रांगेत बसला.

"सुगी, मन्हा बी ऊस गया."

समोर ओळीनं बसलेली एवढी मोठी माणसं बघून सुगी खुदकन हसली. मग भिंत धरून धरून बाबांपाशी गेली, त्यांचं धोतर ओढलं आणि उसाकडे बोट केलं. "बाया."

बाबांचं पान हातातून पडलं. "आयकं का? बांड्याले 'बाया' बोलनी, मन्ही पोर बोलनी!" त्यांनी तिला खांद्यावर घेऊन अंगणभर फेर धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कुणापासून लपवत नव्हते. तापीबाई गूळ वाटू लागल्या. भटूनं दोनदा घेतला.

मीनाबाईचा पदर कधीच खांद्यावर आला होता. "पण बाबा, बैल!" ती सासऱ्यांच्या तोंडावर ओरडली. सहा वर्षांतलं ते तिचं पहिलं बोलणं, पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांड्या पुन्हा उसात. यावेळी दावं तुटलेलं नव्हतं, गाठ अगदी नीट सोडलेली होती. आणि बाबा ओट्यावर पानाला चुना लावत सुगी उठायची वाट बघत बसले होते.