कारल्याचं इंजेक्शन

"अध्यक्ष कोण?" जयाने विचारलं.

"बाबा," चंदर म्हणाला.

"आणि व्याख्यान कशावर?"

"जैवतंत्रज्ञान. शेतीत नि औषधांत काय काय नवीन येतंय ते. केळी आहे, इन्शुलिन आहे. झकास विषय आहे गं."

जया मागच्या दारी बोंबील साफ करत होती. घरात मासळी आणायची नाही, हा सासऱ्यांचा नियम. तिचा हात थांबला.

"चंदर, बाबांना आपण इन्शुलिन कशाचं टोचतो?"

मनोरीच्या वाचनालयाचा चिटणीस म्हणून चंदरने विषय निवडला होता. मुलगा म्हणून त्याने त्यावर विचार केला नव्हता.

बाबांनी, म्हणजे बळवंत तांडेल यांनी, जन्मभर मासळी विकली आणि म्हातारपणी माळ घातली. मागे एकदा कॅप्सूलचं वेष्टन हाडांपासून करतात असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी सगळ्या कॅप्सूल खाडीत टाकल्या आणि शिमग्यापर्यंत खोकत बसले. त्यामुळे मालाडच्या डॉक्टरांनी इन्शुलिन लिहून दिलं आणि बाबांनी "कशाचं?" विचारलं, तेव्हा जया घाईघाईने "कारल्याचं" म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग बाहेर बोलावून सांगितलं, "हे सुटलं तर माणूस सुटेल." तेव्हापासून बाबा दोन्ही वेळा भक्तिभावाने हात पुढे करत होते.

व्याख्याता भीमराज वाकोल्याचा. एका प्रयोगशाळेत नोकरी करायचा आणि रविवारी प्रोजेक्टर घेऊन गावोगाव विज्ञान समजावत फिरायचा. मार्व्याहून निघालेली होडी खाडीच्या मध्यावर येईपर्यंत चंदरने त्याला सगळं सांगून टाकलं.

"मी खोटं बोलणार नाही," भीमराज म्हणाला.

"खोटं नको बोलू यार. नुसता गप्प बस."

"व्याख्यानाला बोलावलंय ना मला?"

"केळ्यावर बोल ना! मनसोक्त बोल."

शेवटी चौथी स्लाइड प्रोजेक्टरमधून निघाली आणि चंदरच्या खिशात गेली.

पहिली स्लाइड. बाटलीत केळीचं रोप.

शाळेचा हॉल भरला होता. भीमराजने सांगितलं, की केळीच्या कोंबाचा इवलासा तुकडा घ्यायचा, पोषक जेलीत ठेवायचा, की त्यातून हजारो रोपं निघतात. सगळी सारखी, सगळी निरोगी.

"एका आईची?" मासळीवाल्या सुंदराबाईंनी विचारलं.

"एकाच."

"बिचारी," सुंदराबाई म्हणाल्या.

दुसरी स्लाइड. हजार बाटल्या.

तिसरी स्लाइड. केळीची बाग.

चौथी स्लाइड. पांढरा पडदा. भीमराजने घसा साफ केला आणि कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं. अध्यक्षांना विचारायचं होतं.

"मास्तर, कारल्याचंही असं करता येईल?"

हे खरं होतं. भीमराजला हायसं वाटलं. "येईल की."

"म्हणजे रस भरपूर निघेल?"

"निघेल."

बळवंत उभे राहिले. "ऐकलंत? मी घेतो ते इंजेक्शन कारल्याचंच आहे. मास्तर बोलले ते तेच."

भीमराजने तोंड उघडलं. चंदरने पहिल्या रांगेतून हात जोडले. भीमराजने तोंड मिटलं.

"कारल्याचं?" सुंदराबाई उठल्या. "मग आमच्या धन्याला मी वाटी वाटी पाजतेय, त्याची साखर उतरत नाही ती कशी?"

"तू पाजतेस गो," बळवंत म्हणाले. "टोचत नाहीस."

हॉलला हे एकदम पटलं.

"मग टोचू?"

"आधी मी टोचून बघतो," बळवंत म्हणाले. "उद्यापासून मालाडचं बंद. मागच्या दारी वेल आहे, घरात सुई आहे. जया रस काढेल."

टाळ्या पडल्या. भीमराजने चंदरकडे पाहिलं. चंदरने जयाकडे पाहिलं. जया बायकांमधून उठली.

"भाऊ, सांगून टाका," ती म्हणाली. "काय खरं असेल ते सांगा."

चंदरने खिशातून स्लाइड काढून दिली.

चौथी स्लाइड. उलटी बसलेली.

पडद्यावर एक डुक्कर चारही पाय वर करून उभं होतं.

"हे डुक्कर आहे," बळवंत म्हणाले.

"हो. त्याच्या पोटातल्या ग्रंथीतून ते इन्शुलिन…"

"माझ्यात?"

"हो."

"रोज?"

"दोनदा," जया म्हणाली.

बळवंत खाली बसले. त्यांचा हात माळेवर गेला. भीमराज घाईने बोलू लागला. "पण काका, आता नवीन निघालंय! माणसाच्या शरीरात इन्शुलिन कसं बनवायचं याची जी सूचना असते ना, ती जंतूच्या आत घालतात. मग तो जंतूच इन्शुलिन तयार करतो. अमेरिकेत ब्याऐंशीपासून मिळतं, आपल्याकडेही येईल. डुक्कर नाही, काही नाही. नुसते जंतू."

"जिवंत?"

"हो."

"ते आपणहून देतात?"

"नाही. फोडावे लागतात."

"किती?"

"मोजता नाही येत. कोट्यवधी."

चंदरने डोकं हातात धरलं. बळवंत मात्र विचारात पडले होते. बंदरावरच्या लिलावात भाव बोलण्याआधी ते असेच गप्प बसायचे, त्यामुळे गावही गप्प बसलं.

"डुक्कर इन्शुलिनसाठी मारतात?"

"नाही, मांसासाठी. ग्रंथी उरते, ती घेतात."

"म्हणजे ते मेलेलंच." बळवंतांनी मान हलवली. "मास्तर, मी जन्मभर जवळा विकला. बोटाच्या पेराएवढा जीव. एका पाटीत किती असतात, मोजलेत कधी? मी मोजायला बसलो आणि माळच घातली. घोळ मासा कसा, जीव एक, जेवतं अख्खं घर. तुमचं हे नवीन म्हणजे जवळा."

"काका, जंतू म्हणजे तसा प्राणी…"

"जवळा," बळवंत म्हणाले. "आपण डुकरावरच राहू." आणि पाहुण्यांनी गावाचे डोळे उघडल्याबद्दल आभार मानून त्यांनी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

"त्यांनी सगळं उलटं समजून घेतलंय," भीमराज बाहेर येऊन म्हणाला.

"घेऊ द्या," जया म्हणाली. "इंजेक्शन घेतायत ना?"

घरी तिने काचेची सिरिंज उकळली. बाबांनी हात पुढे केला, डोळे मिटले, टोचून घेतलं. मग ती मागच्या दारी पाहुण्याला वाढायला गेली. कांदा घालून परतलेला जवळा, गरम भाकरी. भीमराज पहिला घास उचलणार, तोच दारातून आवाज आला.

"जया! पाहुण्याला जवळा? एवढा शिकलेला माणूस, आणि घासाघासाला शंभर जीव? उचल ते ताट."

"मग काय वाढू, बाबा?"

बळवंतांनी शेजारच्या घराकडे पाहिलं.

"शेजारी फिलोमिनाकडे विचार," ते म्हणाले. "रविवार आहे. डुकराचं काही उरलं असेल."