माझे खून करणारे अप्पा

माझा पहिला खून झाला तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. गिरगावातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, शेजारच्या अप्पा सबनिसांच्या खोलीत, दिवेलागणीच्या सुमाराला. दार सताड उघडं होतं आणि बाहेर गॅलरीत बायका तांदूळ निवडत होत्या. मी सतरंजीवर उताणी पडले होते, उजवा हात उशीखाली. अप्पा खिडकीशी उभे राहून एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होते.

"मान जरा डावीकडे. हं. आता खिडकीतून येणाऱ्याला तुझा चेहरा दिसेल की नाही?"

"मेलेलीला काय विचारता, अप्पा?"

तेवढ्यात पलीकडून आईची हाक आली, "मालू, मरून झालं असेल तर ये, कणीक भिजवायची आहे!"

अप्पा रहस्यकादंबऱ्या लिहायचे. रहस्य आणि खून स्वतःच्या हौसेनं, आणि प्रेम प्रकाशकाच्या आग्रहानं. दिवसा ते फोर्टमधल्या एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसत. म्हणजे दिवसभर मेलेल्या माणसांचे कागद तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन नवी माणसं मारायची. माणूस एकटा. स्वतःचा भात स्वतः शिजवायचा आणि बहुतेक वेळा तो करपवायचा. कुठलीही गोष्ट त्यांना पुराव्याशिवाय मान्य नसे. "अप्पा, नळ गेला हो!" "पुरावा काय?" "अप्पा, तुमचं दूध उतू गेलं!" "पुरावा काय?" तोवर पुरावा शेगडीवरून जमिनीवर आलेला असे.

करून पाहिल्याशिवाय एकही खून ते छापायला देत नसत. गच्चीवरून ढकललेला माणूस पडल्याचा आवाज तळमजल्यावर ऐकू येतो का, हे बघायला त्यांनी एकदा लोडाला स्वतःचा कोट घालून तो वरून टाकला. तळमजल्याच्या गोदूताईंनी अशी काही किंकाळी फोडली की अर्धी गल्ली गोळा झाली. अप्पा सावकाश खाली आले, कोट झटकला आणि म्हणाले, "ताई, किंकाळी उत्तम. पण लोड पडायच्या आधी कशी काय फोडलीत?" त्या महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आणि हाच माणूस घरात झुरळ निघालं की त्याला कागदावर घेऊन गॅलरीत सोडून यायचा.

प्रेमाशी मात्र त्यांचं वाकडं होतं. नायक-नायिका चांदण्यात भेटले की त्यांच्या तोंडी कचेरीची भाषा यायची. "प्रिय कल्पलते, आपल्या स्नेहाची पोच देताना मला आनंद होत आहे." आणि मग बराच वेळ सुस्कारे टाकून, "आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत आहे. कळावे." आम्ही पोट धरून हसायचो. अप्पाही हसायचे आणि म्हणायचे, "मला तेवढंच येत नाही गं."

अप्पांचं अक्षर छापखान्यात कुणालाच लागत नसे. म्हणून त्यांच्या कचेरीतला एक धाकटा कारकून संध्याकाळी येऊन सगळा मजकूर सुवाच्य उतरून द्यायचा. वसंत सावंत, लालबागचा, वडील गिरणीत. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वसंत प्रभातफेरीत घोषणा द्यायला लागला की चार गल्ल्या जाग्या व्हायच्या. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मंत्र्यांना न भिणारा हा वाघ, पण मी समोर आले की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "पाणी आलं का?" त्या वेळेला पाणी कधीच येत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी मी आपली रोज सांगायची, "नाही अजून." वर्षभर आमचं एवढंच बोलणं झालं आणि तेवढ्यावर मी खूश होते.

जिन्यात त्याच्या चपला वाजल्या की मी प्रेत असले तरी पदर नीट करायची. अप्पा करवादायचे, "मालू, मेलेल्या बाईनं पदर सावरला की वाचकाचा विश्वास उडतो."

आणि मग प्रभादेवीचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, माणसं हसतमुख. नाव ठेवायला जागा नाही, हेच वाईट होतं. येत्या रविवारी संध्याकाळी बाबा होकार कळवणार होते. तिकडे वसंतानं सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं होतं. त्याच आठवड्यात तो जाणार, पकडला जाणार आणि कधी सुटणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा जीव नुसता तुटत होता. पण कुठल्या तोंडानं सांगायचं आणि काय सांगायचं? पाणी आलं का, असं विचारणाऱ्या माणसाशी मला लग्न करायचं आहे म्हणून?

शनिवारी संध्याकाळी अप्पा आमच्या दारात आले. "वहिनी, मालूला जरा पाठवा. सोमवारी प्रकरण द्यायचंय. प्रेमाचं आहे."

"आज मारणार नाही ना?" आईनं विचारलं.

"आज जिवंत लागेल."

खोलीत वसंत कागद घेऊन उभा होता. अप्पांनी प्रसंग समजावला. नायकाला वाटतं, खून नायिकेनंच केला. तरी त्याचा तिच्यावर जीव आहे. ती उद्या जाणार, पुन्हा दिसणार नाही. त्याला काय बोलायचं असेल ते आत्ताच. वसंत वाचायला लागला, "कल्पलते, सदर खुनाबाबत मी साशंक असलो तरी आपल्याविषयीचा स्नेह कायम आहे..." मला हसू आवरेना.

"रटाळ आहे," अप्पा म्हणाले. त्यांनी वसंताच्या हातातून कागद काढून घेतला, त्याची घडी केली आणि खिशात टाकली. "आता तुझं तू बोल."

"काय बोलू, अप्पा?"

"ते मला येत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? मी तपकिरीची डबी घेऊन येतो."

डबी टेबलावरच होती. अप्पा गॅलरीत जाऊन, कुठल्या विषानं ओठ निळे पडतात ते आईला मोठमोठ्यानं सांगायला लागले.

वसंत रिकाम्या झालेल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाणी..." आणि थांबला. कपाळ पुसलं. "तू प्रभादेवीला जाऊ नको."

"हे कल्पलतेला, की मला?"

"तुका गो! तुकाच सांगतंय!"

त्याच्या लालबागच्या घरातली बोली मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. मी म्हणाले, "नाही जात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत बाबांसमोर उभा राहिला आणि पुन्हा मुका झाला. आईला तोवर मीच सगळं सांगितलं होतं, तिनं ते बाबांच्या कानावर घातलं. बाबा सरकारी नोकर. खेकसले, "मोर्चेवाल्याला मी मुलगी देणार नाही!" अप्पा वाटीभर साखर मागायला आले होते, ते तिथेच बाबांसमोर खुर्चीवर टेकले.

"भाऊसाहेब, काल संध्याकाळी कुठे होतात?"

"ऑफिसात. उशीर झाला."

"मग बुटांना चौपाटीची वाळू कशी? आणि ऑफिसात बसून घसा कसा बसला?"

काल चौपाटीवर सभा होती, हे सगळ्या गिरगावाला ठाऊक होतं. आईनं बाबांकडे असं पाहिलं की बाबांनी बूट खुर्चीखाली ढकलले. थोड्या वेळानं बसक्या आवाजात ते आईला म्हणाले, "सावंतांनाही चहा टाक."

वसंत तुरुंगात जाऊन आला, वाळून आला. आमचं लग्न झालं आणि मी लालबागला राहायला गेले. त्यानंतर अप्पांची ती कादंबरी छापून आली. मी ती हावरटासारखी वाचली. उजवा हात उशीखाली घेतलेलं प्रेत त्यात होतं, वरून पडलेला माणूस होता, किंकाळीही होती. निरोपाचं प्रकरण मात्र कुठेच नव्हतं. नायिका गाव सोडून जातच नव्हती. तिच्यावर कुणी संशयसुद्धा घेत नव्हतं.

माहेरी आले तेव्हा पुस्तक घेऊन तडक अप्पांकडे गेले. "अप्पा, आमचं प्रकरण यात नाही."

"प्रकाशकानं कापलं."

"डबी टेबलावर होती. तुम्ही ते सगळं मुद्दाम केलंत."

"पुरावा काय?" म्हणाले, पण हसू लपेना. मग म्हणाले, "वसंतानं माझ्या कल्पलतेला तीनदा मालती लिहिलं होतं. खुणा राहतातच."

माझे डोळे भरून आले. या माणसाचे उपकार कशानं फेडायचे तेच मला कळेना. अप्पा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"मीही एक कागद लिहिला होता, मालू. तुमच्या वयाचा होतो. द्यायचा नव्हता, तिच्यासमोर वाचायचा होता. दोन पावसाळे खाडाखोड करत होतो. शब्द मनासारखे जमेनात. जमले, तेव्हा तिच्या लग्नाचं आमंत्रण घरात येऊन पडलं होतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कागद फार छान झाला होता. हातातून काढून घेणारं कुणी नव्हतं, एवढंच."

 मी उठून कोपऱ्यातली सतरंजी अंथरली, उशी घेतली आणि आडवी झाले.

"नव्या कादंबरीत खून कुठे आहे, अप्पा?"

ते खिडकीशी गेले. "मान जरा डावीकडे," म्हणाले आणि मग चष्मा काढून खिडकीत ठेवल्याचा आवाज आला. मेलेल्या बाईनं बघायचं नसतं, म्हणून मी डोळे उघडले नाहीत.