फ्रिजवरची लाल रेघ

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, "वडिलांचं वजन दर रविवारी लिहून ठेवा." कुठल्याही सरळ माणसाने कॅलेंडरवर आकडे लिहिले असते. पण चिरंजीव पडले ऑफिसात आलेख काढणारे. (त्यांचे आलेख बघून साहेब मान डोलावतात. झोपेत, असं काही दुष्ट लोक म्हणतात.) चार रविवार होताच त्यांनी लाल रेघेचा झोकदार आलेख काढून फ्रिजवर चिकटवला. रेघ उठून दिसावी म्हणून बाजूची पट्टी शून्यापासून नव्हे, साडेएकसष्ट किलोपासून सुरू केली आणि बासष्टला संपवली. आकडे मात्र अगदी बारीक. मोठे आकडे त्यांना गावंढळ वाटतात.

सकाळी बाबा पाणी प्यायला आले. रेघ वरच्या कोपऱ्यातून निघून थेट तळाला आपटली होती. पाणी न पिताच ते परत अंथरुणावर जाऊन पडले.

"बाबा, काय होतंय?" सूनबाई घाबरली.

"काय व्हायचं ते फ्रिजवर लावलंय. माझ्या ताईला बोलावून घे."

आत्याबाई आल्या, फ्रिजसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना तिथेच हुंदका फुटला. "अगं बाई, हा तर कडेलोटच की गं!"

संध्याकाळी चिरंजीव घरी येतात तो काय, बाबा कपाटाच्या किल्ल्या सूनबाईच्या हातात देताहेत.

"अहो बाबा, अर्धा किलो! फक्त अर्धा किलो कमी झालंय!"

"माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नकोस," बाबा क्षीण आवाजात म्हणाले. "रेघ मी स्वतः पाहिलीय."

चिरंजीवांनी तिथल्या तिथे दुसरा आलेख काढला. या वेळी पट्टी शून्यापासून शंभरपर्यंत. "हे बघा! रेघ एकदम सरळ. ना चढ, ना उतार."

बाबांनी चष्मा लावला.

"तुझी आई गेली ना," ते हळूच म्हणाले, "तेव्हा हॉस्पिटलातल्या मशीनच्या पडद्यावर शेवटी रेघ अशीच झाली होती."

चिरंजीवांनी आलेखाची घडी करून खिशात टाकली. (आलेखशास्त्रात हे शिकवत नाहीत.)

सूनबाईने कपाटातून बाबांची बाहेर जायची पँट काढली. "ही घालून या बरं."

बाबा आत गेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग दार उघडलं.

"बटण लागत नाहीये गं."

"मग?"

"मग..." बाबांनी पोटावरून हात फिरवला. "इतक्यात काही जात नाही मी. वाढ जेवायला."

जेवण उरकल्यावर त्यांनी ती पँट नीट घडी घालून चिरंजीवांच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

"उद्या साहेबांना ही दाखव. त्यांना काहीतरी कळेल तरी."